मासळीचा काटा, कातडी, खवले: फेकण्याआधी काय काय करता येतं

मी ज्या मावशींकडून मासे घेते त्यांच्या पाटाखाली एक बादली असते. रोहू पाटावर आला की खवले उडतात, ते बादलीत. पोट फाडलं की आतडी, पित्त, फुगा, सगळं बादलीत. कल्ले बादलीत. एखाद्या हॉटेलवाल्यासाठी पंगसचे बोनलेस तुकडे काढले की उरलेला अख्खा काटा, त्याला चिकटलेल्या मांसासकट, तोही बादलीत आणि वरून कातडी. दुपारी ती बादली कचऱ्याच्या गाडीत रिकामी होते. पहिल्यांदा मी विचारलं, "मावशी, काटे आणि कातडी मला वेगळी काढून द्याल का?" तर त्यांनी विळीवरून मान वर केली. "काहून जी? मांजरं पाळले का?"

मांजरं नव्हती. अन्नतंत्राचं थोडं शिक्षण होतं, घरी एक जुना प्रेशर कुकर होता आणि आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या आठ-दहा बायकांना पापड-लोणच्याच्या पलीकडे काहीतरी करून बघायचं होतं. तेव्हापासून जे जमलं, जे फसलं आणि जे घरी करूच नये असं कळलं, ते इथे क्रमानं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. उरलेल्या भागाचा माल होतो की कचरा, हे पाटापाशीच, कापल्यानंतरच्या पहिल्या तासात ठरून जातं. आतडी आणि काटे एकाच बादलीत पडले की पोटातले जिवाणू आणि पाचकरस सगळ्याला लागतात. मग घरी आणून कितीही धुवा, कितीही उकळा, तो वास जात नाही आणि त्या मालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पहिली खरेदी कुकरची नको, मिक्सरची नको. झाकणाचे चार डबे आणि थर्माकोलची एक पेटी घ्या. एक डबा काटे-डोक्यांचा, एक कातडीचा, एक खवल्यांचा. चौथा पोटातल्या घाणीचा, तो पेटीच्या बाहेर.

यात आहे काय?

रोहू किंवा कतला पूर्ण बोनलेस केला तर खायचं स्वच्छ मांस वजनाच्या निम्म्याहून कमीच निघतं. कतल्याचं तर डोकंच केवढं असतं. उरलेल्या भागात काट्यांत कॅल्शियम आणि फॉस्फरस आहे, कातडी-खवल्यांत कोलॅजन, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं प्रथिन आहे, आणि काट्याला चिकटलेलं मांस हे आपण पैसे देऊन घेतो तेच प्रथिन आहे.

अशा अन्नाला फंक्शनल फूड म्हणतात, म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराच्या एखाद्या कामाला हातभार लावणारं अन्न. जपाननं १९९१ मध्ये त्यासाठी फोशू नावाची सरकारी मान्यतेची पद्धत सुरू केली. रक्तदाबाकडे लक्ष ठेवणाऱ्यांसाठी तिथे मान्यता मिळालेल्या पदार्थांत सार्डिन माशाच्या प्रथिनापासून काढलेलं पेप्टाइडही (प्रथिनाचा छोटा तुकडा) आहे. पण ते काम मोजूनमापून, माणसांवर चाचण्या करून झालेलं आहे. आपण स्वयंपाकघरात करणार आहोत ते त्याच्या अलीकडचं: कॅल्शियमची पूड, खरवडलेल्या मांसाचे पदार्थ आणि जिलेटिन, म्हणजे कोलॅजन गरम पाण्यात विरघळून मिळतं ते, जेली जमवणारं. तेवढं नीट केलं तरी पुष्कळ आहे.

माल कुठून, कसा

नागपुरात एक अडचण आहे, ती समजून घ्या. आपल्याकडे घरगुती गिऱ्हाईक मासा काट्यासकट तुकडे करून नेतं. कतल्याचं डोकं तर बंगाली कुटुंबं मागून नेतात. त्यामुळे नुसता काटा पाटावर फारसा उरत नाही. तो उरतो जिथे टिक्का आणि फिंगरसाठी बोनलेस माल काढतात तिथे, आणि तो बहुतेक पंगसचा. खवले मात्र सगळीकडे भरपूर. म्हणून भोईपुऱ्याला किंवा मंगळवारी नावाच्या बाजारात जाल तेव्हा हॉटेलांना बोनलेस पुरवणारा कापणारा आधी शोधा, आणि सकाळी लवकर जा.

बर्फाचा हिशेब सोपा आहे: जितका माल तितकाच बर्फ, थर देऊन. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. बाजारातून घरी पोचायला लागणारा अर्धा तास उघड्या पिशवीतल्या काट्यांना पुरून उरतो. घरी आल्यावर त्याच दिवशी शिजवायचं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. "फ्रीजमध्ये उद्यापर्यंत राहील" हा विचार मांसाला चालतो, काट्यांना नाही, कारण कण्याच्या आतल्या बाजूला चिकटलेलं रक्त सगळ्यात आधी नासतं. तो काळपट पट्टा चमच्याच्या टोकानं खरवडून, वाहत्या पाण्यात धुऊनच काटा डब्यात ठेवा.

मासा कोणता? गोड्या पाण्यातला. रोहू, कतला, मृगळ, पंगस. आंध्रातून बर्फात येणारा असो की भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतला, आमच्या ढिवर बांधवांनी सकाळी जाळ्यात धरलेला असो. किनाऱ्यावरून येणारा बांगडा, ट्यूना या कामाला मी घेत नाही. त्या माशांत वाटेत थंडावा तुटला की हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. थाई मागूरच्या पालनावर देशात बंदी आहे, तोही नको. नाग नदीच्या आसपासच्या किंवा सांडपाणी मिसळणाऱ्या पाण्यातला मासा तर मुळीच नको. शिशासारखे जड धातू हाडात साठतात आणि आपण नेमकी हाडंच खाणार आहोत.

मासा ताजा दिसावा म्हणून फॉर्मालिन हे रसायन लावल्याची शंका असेल तर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं कागदी पट्ट्यांची चाचणी तयार केलेली आहे. मिनिटांत कळतं.

आता पित्त. पोटात यकृताला चिकटून हिरवट-काळी छोटी पिशवी असते. काही लोक ती साखरेवर किंवा डोळ्यांसाठी औषध म्हणून गिळतात. रोहूसकट कार्प जातीच्या माशांच्या पित्तात मूत्रपिंड बंद पाडणारं विष असतं. ते उष्णतेनं मरत नाही. आपल्या देशात ते खाऊन माणसं डायलिसिसवर गेलेली आहेत. त्यामुळे पिशवी फुटली आणि काट्यांवर हिरवा रंग सांडला की तो माल चौथ्या डब्यात. धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका.

हाडांची पूड

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ती हीच. एक किलो काटे धरून सांगते.

काटे पातेल्यात बुडतील इतक्या पाण्यात १५-२० मिनिटं उकळा. मांस सैल होतं. परातीत काढून, कोमट झाल्यावर हातानं सोडवा. हे मांस वेगळं ठेवा, पुढे लागणार आहे. पाणीही गाळून ठेवा.

उरलेली हाडं कुकरमध्ये, ताज्या पाण्यात. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पहिली शिटी झाली की आच बारीक करा आणि तासभर राहू द्या. कुकरच्या आत तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. त्यानं जंतू मरतात आणि हाडांना धरून ठेवणारं कोलॅजन विरघळतं, म्हणून हाड ठिसूळ होतं. पंगसच्या काट्याला एक तास पुरतो. कतल्याच्या कवटीला दीड तास लागतो, आणि मधे पाणी बघावं लागतं. झालं की नाही हे ओळखायला घड्याळ नको. कण्याचा एक मणका घ्या आणि अंगठा-तर्जनीत दाबा. खडूसारखा चुरा झाला पाहिजे. टोचला तर परत कुकरमध्ये.

यानंतरची पायरी मी पहिल्या वेळी गाळली. हाडं मऊ झाली, वाळवली, दळली, सुंदर पांढरी पूड निघाली. गटातल्या सगळ्याजणींना बाटल्या वाटल्या. बारा दिवसांत पूड पिवळसर पडली आणि तिला जुन्या वॉर्निशसारखा वास यायला लागला. चरबी काढलीच नव्हती. मे महिना, पत्र्याचं घर, आणि माशाचं तेल हवेत फार लवकर खवट होतं. एकीनं त्याच्या भाकरी करून घरात वाढल्याही होत्या. "ताई, आमच्या घरचे आता मला मासेच आणू देत नाहीत," असं तिनं मला ऐकवलं, ते अजून अधूनमधून ऐकवते.

तर चरबी काढायची. शिजलेली हाडं रवाळ चेचा. एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा. वर तेलाची तवंग आणि फेस येतो. पाणी ओतून द्या. मग साध्या उकळत्या पाण्यात दोनदा. शेवटचं पाणी स्वच्छ आणि बोटाला निसरडं न लागणारं हवं.

वाळवणं. ओव्हन किंवा ड्रायर असेल तर ६० ते ७० अंशांवर आठ-दहा तास. नसेल तर एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर, कुरडया-पापड घालता तसं, पण मच्छरदाणीच्या जाळीखाली. नागपूरचं कोरडं ऊन या कामाला देवानंच दिलंय. जून लागला की मात्र उन्हाचा नाद सोडा. दमट हवेत हाडं बाहेरून वाळतात, आत ओल राहते आणि आठवड्यात बुरशी.

मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोडं थोडं दळा. मैद्याच्या चाळणीनं चाळा, मग मलमलच्या कपड्यातून. कपड्यावर उरलेलं परत दळा. इथे आळस केला तर भाकरीत कचकच लागते आणि लोकांना वाटतं ज्वारीत माती आली. पिठाच्या गिरणीत हे दळायला नेऊ नका. गिरणीवाला ओळखीचा असला तरीही. त्याच जात्यावर पुढे शाकाहारी घरांचं, उपवासाचं दळण जाणार असतं. तो विश्वास मोडू नये.

माझ्या हाती एक किलो ओल्या काट्यांतून ८० ते १०० ग्रॅम पूड येते. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन महिन्यांत संपवायची.

आता ती वापरायची किती? हाडातलं खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपटाइट. ते अगदी शुद्ध असेल तर त्यात वजनाच्या जवळपास ४० टक्के कॅल्शियम असतं. घरच्या पुडीत थोडं प्रथिन आणि ओल राहतेच, त्यामुळे घरगुती हिशेबाला मी २० टक्के धरते. म्हणजे एक ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम, साधारण पाऊण-एक कप दुधाइतकं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज आपल्याकडे १००० मिलिग्रॅम धरली जाते. एक किलो ज्वारीच्या पिठात २० ग्रॅम पूड मिसळली आणि त्याच्या वीस भाकरी झाल्या, तर भाकरीमागे एक ग्रॅम. दोन भाकरी खाल्ल्या की ४०० मिलिग्रॅम. बाकीचं दूध-दही, तीळ, पालेभाजीतून येऊ द्या. पूड दर किलो पिठाला २० ग्रॅमच्या वर नेली तर फायदा वाढतो असं नाही, चव मात्र नक्की बिघडते. तीस ग्रॅमला भाकरी खडबडीत होते, थापताना कडा फाटतात.

ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी ही पूड खाऊ नये, कारण तिच्यात फॉस्फरसही बराच असतो. मुतखडा झालेल्यांनी आणि आधीच कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. आणि माशाची ॲलर्जी असलेला पाहुणा घरी येत असेल तर भाकरीत काय आहे हे वाढण्याआधी सांगायचं, जेवून झाल्यावर नाही.

खरवडलेलं मांस: जवसाच्या चटणीत

काट्यांवरून सोडवलेलं ते मांस आठवतं? एक किलो काट्यांत वाटीभर तरी निघतं. त्याचे कटलेट होतात, ते सगळ्यांना सुचतं. पण आमच्या गटात टिकली ती चटणी.

मांस हातानं दोनदा चाचपून घ्या, बारीक काटा राहता कामा नये. मीठ, हळद आणि लसूण लावून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडं करा. घाई करायची नाही. अर्ध्या तासात ते सुटं, रवाळ होतं आणि कढईला चिकटणं थांबतं. दुसरीकडे त्याच्या दुप्पट जवस तडतडेपर्यंत भाजा, सुकं खोबरं थोडं, लाल मिरच्या, जिरं. सगळं गार झाल्यावर एकत्र कुटा. खलबत्त्यात कुटलं तर पोत चांगला येतो, मिक्सरमध्ये जवसाचं तेल सुटून गोळा होतो. फ्रीजमध्ये आठवडाभर राहते.

जवसात ओमेगा-३ असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण ते वनस्पतींतलं. आपलं शरीर त्यातलं थोडंच डीएचएमध्ये, म्हणजे थेट कामाला येणाऱ्या ओमेगा-३ मध्ये, बदलू शकतं. माशात डीएचए तयार मिळतं. गोड्या पाण्याच्या माशात ते बांगड्याइतकं नसतं, हेही खरं. तरी दोन्ही एका चटणीत असणं मला आवडतं, आणि चवीला तर जवस माशाचा उग्रपणा झाकतोच.

याच मांसाचे पापडही होतात: साबुदाणा आणि तांदळाच्या पिठाची उकड, त्यात पिठाच्या चौथ्या हिश्शाइतकं बारीक वाटलेलं शिजलेलं मांस, जिरं, मीठ, आणि कडक ऊन. दोन दिवसांत वाळले नाहीत तर ओव्हनमध्ये पूर्ण करा, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

खवल्यांतून जिलेटिन

हे करताना गटातल्या बायका गप्प झाल्या होत्या. बादलीतली चिकट चमकी आणि तिच्यातून वाटीभर थरथरणारी पारदर्शक जेली निघते, यावर आधी कोणाचा विश्वास बसत नव्हता.

पाव किलो ओले खवले घ्या. जाडं मीठ चोळून तीन-चार पाण्यांतून धुवा, चिकटपणा आणि बुळबुळ पूर्ण गेली पाहिजे. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि खवले त्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं, ॲल्युमिनियम अजिबात नको. सुरुवातीला बारीक बुडबुडे दिसतात. आम्ल खवल्यातलं खनिज खातं आहे. सकाळी एक खवला उचलून वाकवा. आधी नखासारखा कडक होता, आता ओल्या सेलोफेनसारखा वाकेल. मधोमध कडक ठिपका राहिला असेल तर द्रावण बदलून आणखी काही तास. मग भरपूर पाण्यात धुवा, जिभेला आंबट लागणं थांबेपर्यंत.

आता खवले पाऊण लिटर पाण्यात घाला आणि ६५ ते ७० अंशांवर तीन-चार तास ठेवा. उकळू द्यायचं नाही. उकळलं की जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली घट्ट बसत नाही. थर्मामीटर नसेल तर मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात हे भांडं, आणि बोट क्षणभरही टेकवता येणार नाही पण बुडबुडाही येणार नाही इतकी आच. थर्मामीटर घ्याच, खरं तर. मलमलमधून गाळा. एक चमचा बशीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. अर्ध्या तासात थरथरला तर काम झालं, पातळ राहिला तर उरलेलं मंद आचेवर निम्मं आटवा.

इथे आपल्या उन्हाचा एक फायदा आहे. कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशाचं कोलॅजन अगदी कमी तापमानाला सैल पडतं, त्याची जेली जेमतेम जमते. आपले रोहू-कतला कोमट पाण्यात वाढतात, त्यांचं कोलॅजन जास्त उष्णता सोसतं आणि जेलीही जास्त ठाम बसते.

वासाचं काय? राहतो थोडा. तो घालवायला कारखान्यात कोळशाच्या गाळण्या असतात, आपल्याकडे संत्री आहेत. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. दोन वाट्या आटवलेलं जिलेटिनचं पाणी कोमट करा, त्यात चवीपुरती साखर आणि संत्र्याची किसलेली साल, फक्त केशरी भाग. गॅस बंद करून जरा निवल्यावर वाटीभर ताजा रस. रस उकळला तर क जीवनसत्त्व जातं, आणि शरीराला स्वतःचं कोलॅजन बांधायला नेमकं तेच लागतं. वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवा. संत्र्याऐवजी ताजं अननस किंवा पपई घालू नका, त्यांतली पाचकं जिलेटिन तोडून टाकतात आणि रात्रभर वाट बघूनही सरबतच हाती येतं.

या जेलीनं गुडघे बरे होतात का, असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. खाल्लेलं कोलॅजन पोटात फुटतं, त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, त्यातले काही रक्तात जातात. सांधे आणि त्वचेवर जे अभ्यास झालेत ते मोजून दिलेल्या, कारखान्यात बनवलेल्या कोलॅजन पेप्टाइडवर. आपली वाटीभर जेली म्हणजे ते नाही. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून डाळ किंवा अंड्याच्या जागी ते खाऊन चालणार नाही. पौष्टिक, पचायला हलका, साखर आपल्या हातात असलेला गोड पदार्थ म्हणून खा.

कातडी

पंगसची कातडी जाड असते. आतली चरबी सुरीच्या पाठीनं खरवडा, मीठ-हळद लावा, बोटाएवढ्या पट्ट्या कापून कडक वाळवा. तळल्या की चिकनपापडासारख्या फुलतात आणि कोणीच विचारत नाही हे काय आहे. तळलेला पदार्थ आरोग्यदायी म्हणून विकायला माझं मन धजत नाही, म्हणून आम्ही ओव्हनमध्ये भाजतो. कमी फुलतात.

रस्सा, आणि एक गैरसमज

काटे उकळल्याचं गाळलेलं पाणी आणि कल्ले काढलेली डोकी, यावर सावजी मसाल्याचा रस्सा इतका दाट होतो की खोबरं निम्म्यानं कमी लागतं. दाटपणा जिलेटिनचा. पण "हाडांचा रस्सा प्या, कॅल्शियम मिळेल" हे जे सगळीकडे सांगितलं जातं ते विसरा. साध्या पाण्यात हाडातलं कॅल्शियम फारच थोडं उतरतं. ते हाडातच राहतं, म्हणून तर आपण पूड केली.

कच्च्या पपईनं मांस विरघळवून प्रथिनाचं पाणी काढण्याचा प्रयोगही आम्ही केला. होतं, पण कडू. प्रथिन तुटताना कडू पेप्टाइड सुटतात, आणि ५५-६० अंशांवर तासन् तास मांस ठेवताना तापमान जरा घसरलं की जंतूंची चैन. ते प्रयोगशाळेचं काम आहे, तिथेच राहू द्या.

चौथा डबा

आतडी, कल्ले, पित्त. यातून माणसाच्या पोटात जाणारं काही करायचं नाही. घरगुती माशाचं तेल तर नाहीच, ते गाळताना खवट व्हायला लागतं. गाभोळी मात्र मिळाली तर आधीच वेगळी काढा, ती तव्यावर जाते. बाकीचं बारीक करून त्यात वजनाच्या साधारण ३ टक्के फॉर्मिक ॲसिड मिसळलं की पीएच (आम्लतेचं माप) चारच्या खाली जातो, नासणं थांबतं आणि आठवड्याभरात पातळ सायलेज, म्हणजे आम्लात टिकवलेला लगदा होतो. तो मत्स्यपालनाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. फॉर्मिक ॲसिड कातडी भाजतं, घरात लेकरं असतील तर ही भानगड नको. त्यापेक्षा खड्ड्यात कोरडी पानं आणि शेणाबरोबर कुजवा. वरून वीतभर माती, नाहीतर रात्री कुत्री सगळं उकरून काढतात.

विकायचं असेल तर

घरी खाणं वेगळं, विकणं वेगळं. चटणी-पापडासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, कोणता ते उलाढालीवर ठरतं. नुसती हाडांची पूड पूरक आहार म्हणून डबीत भरून विकायची म्हटली की ती न्यूट्रास्युटिकलच्या नियमांत जाते आणि केंद्रीय परवान्याची गोष्ट येते. बचत गटानं तिथून सुरुवात करू नये. पूड घातलेले पापड विका.

पाकिटावर "कॅल्शियमचा स्रोत" लिहायचं असेल तर १०० ग्रॅम पदार्थात रोजच्या गरजेच्या किमान १५ टक्के कॅल्शियम भरलं पाहिजे, "भरपूर" लिहायला त्याच्या दुप्पट. हे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि त्याच वेळी शिसं, कॅडमियम आणि जंतूंचीही तपासणी करून घ्या. "सांधेदुखी बरी", "हाडं लोखंडासारखी" असलं काही लिहू नका. मांसाहाराची तपकिरी खूण आणि "यात मासे आहेत" ही ॲलर्जीची सूचना ठळक हवी. पापडावर ती सुटून जाते, कारण पापड म्हणजे शाकाहारी असंच सगळे धरून चालतात.

शिकायला आपल्या शहरातच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तेलंगखेडीला त्यांचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आम्ही आधी स्वतः चुका केल्या आणि मग तिथे विचारायला गेलो, तुम्ही उलटं करा. यंत्रांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के मदतीची तरतूद ठेवलेली आहे. चालू वर्षी कशाला लागू आहे ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात पाहून घ्या.

खर्च मांडताना माल फुकट धरू नका. आम्ही पहिल्या वर्षी धरला होता. गॅस, बर्फ, ऑटो आणि आठजणींची दुपार मांडली तेव्हा कळलं की पूड स्वस्त नाही. त्यात आता मावशींच्या पाटाखाली बादलीच्या शेजारी आमचे चार डबे असतात, नीट झाकण लावलेले, तीन बर्फावर आणि चौथा बाहेर. मागच्या महिन्यात पैसे देताना त्या म्हणाल्या, "काट्याचे वीस रुपये किलो लागन आता. आन् खवल्याचं मांगून सांगतो."

मी वीस दिले.